जिथल्या तिथे

परके शहर पाहायला निघालेला माणूस बहुधा सकाळी बाहेर पडतो. हातात नकाशा, खांद्याला पिशवी, आणि संध्याकाळपर्यंत दहा ठिकाणे 'उरकायची' असा निश्चय. लंडनमध्ये मी नेमके उलटे केले, आणि तेही माझ्या मित्राच्या सांगण्यावरून. कचेऱ्या सुटल्या, संग्रहालयांचे दरवाजे लागले, प्रवाशांच्या झुंडी पांगल्या, की मगच हे शहर पायी हिंडण्याजोगे होते, असे त्याचे मत. जून महिना होता. त्या दिवसांत तिथे सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो, त्यामुळे संध्याकाळही चांगली ऐसपैस मिळते.

हा मित्र माझा कॉलेजातला सोबती. मी मराठी घेऊन बी. ए. झालो, तो कन्नड घेऊन. याच प्रकारच्या एका दुभाषी वार्षिक अंकात आम्ही दोघे एकाच वर्षी छापून आलो होतो. मी मराठी विभागात, तो कन्नड विभागात. त्याचा लेख मी अडखळत वाचला, माझा त्याने सरळ वाचला, आणि दोन्ही लेखांत शुद्धलेखनाच्या चुका सारख्याच आहेत असा निकाल दिला. गेली पंचवीस वर्षे तो लंडनला आहे. आमचे आपसातले बोलणे अजूनही बेळगावचेच, म्हणजे एका वाक्यात दोन भाषा. "बा रे, बस झालं बसणं. नडी!" असे म्हणून त्याने मला उठवले.

आमचा रस्ता सुमारे चार किलोमीटरांचा होता: लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सपासून फ्लीट स्ट्रीटने सेंट पॉल्सपर्यंत, तिथून पुलावरून थेम्स ओलांडून साउथवर्कपर्यंत. वाटेत प्रसिद्ध वास्तू होत्या, जुने पब होते, आणि मला सर्वस्वी नवीन अशी तिसरी गोष्ट होती. ती म्हणजे जिओकॅश.

यातल्या 'कॅश'चा रोकडीशी संबंध नाही. दडवून ठेवलेला साठा, असा त्याचा अर्थ. कोणीतरी एक डबी सार्वजनिक जागी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी उपग्रहाच्या मदतीने ती शोधायची, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तशी ठेवून द्यायची. डबी मोठी असली तर आत चिमुकल्या वस्तूही असतात. एक घ्यायची तर तितक्याच किंवा अधिक मोलाची दुसरी ठेवायची. या खेळाला जन्मतारीखही आहे. अमेरिकन सैन्याने उभारलेल्या उपग्रहांचा संकेत सामान्य लोकांना मुद्दाम थोडा बिघडवून मिळत असे. त्यामुळे जागा सांगण्यात शंभर मीटरांपर्यंत चूक होई. मे २००० च्या आरंभी अमेरिकन सरकारने हा अडसर काढला. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचा ठावठिकाणा जाहीर केला. बादलीत पुस्तके, एक बेचकी आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक डबाही होता म्हणतात. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक जागा आहेत.

कल्पना मात्र त्याहून जुनी, आणि ती इंग्लंडातलीच. १८५४ मध्ये डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या अवघड ठिकाणी एक बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्याने आपले नावाचे कार्ड तीत टाकावे, एवढाच उद्देश. आपल्याकडे गडावर जाणारी मुले दगडावर नावे कोरतात. पेरटने बाटली ठेवून दगड वाचवला, असे मला वाटून गेले.

पहिला थांबा माझ्या आग्रहाचा होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ज्या गल्ल्यांत वसले आहे त्या आपल्या खडे बाजाराच्या बोळांहून फारशा रुंद नाहीत. १९१६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कहून इथे आले. इथून थोडे उत्तरेला असलेल्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतही त्यांनी त्याच वर्षी नाव घातले. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा आले आणि १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी. एस्सी. असे सारे पुरे करून गेले. अर्धे राहिलेले काम पुरे करण्यासाठी एवढा समुद्र दुसऱ्यांदा ओलांडणाऱ्या माणसाच्या वाटेवर आम्ही दोघे पोट भरलेले, पगार घेतलेले लोक सहल म्हणून चाललो होतो. थोडा वेळ आम्ही बोललो नाही.

फ्लीट स्ट्रीटच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध एक उंच स्तंभ आहे. वेस्टमिन्स्टर संपून 'सिटी' म्हणजे मूळचे जुने लंडन जिथे सुरू होते, तिथे पूर्वी टेंपल बार नावाची वेस होती. क्रिस्टोफर रेनच्या काळात, १६७२ च्या सुमारास, ती दगडात बांधून झाली. पुढे वाहतुकीला अडचण होते म्हणून १८७८ मध्ये तिचा दगडन् दगड उतरवला आणि तिच्या जागी १८८० मध्ये हा स्तंभ उभा केला. आमचा पहिला जिओकॅश होता तो कोड्याच्या जातीचा. अशा प्रकारात डबीचा पत्ता सरळ मिळत नाही. वाटेवरच्या पाट्या, कोनशिला, पुतळ्यांखालचे लेख वाचून साले टिपायची, त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करायच्या आणि त्यातून अक्षांश-रेखांश काढायचे. त्यामुळे एरवी ज्याकडे ढुंकून पाहिले नसते अशी अक्षरे आम्ही मान वर करून वाचत होतो. सेंट डन्स्टन चर्चचे १६७१ चे घड्याळ, त्यात गदा घेऊन तास वाजवणारे दोन राक्षस, हे मला या गणितामुळेच दिसले. मित्र आकडे सांगे, मी वहीत मांडत असे. शाळेत गणिताच्या तासाला असेच काही असते तर मी मराठीकडे वळलोच नसतो!

गणित सुटायच्या आत तहान लागली. 'ये ओल्ड चेशायर चीज' हा पब फ्लीट स्ट्रीटलगतच्या एका अरुंद बोळात आहे. १६६६ च्या मोठ्या आगीत जुनी इमारत जळाली, आणि १६६७ मध्ये ती पुन्हा बांधली असे पाटीच सांगते. तेव्हापासून किती राजे-राण्या झाल्या त्यांची यादी दाराशी लावली आहे. पब या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे गुत्ता येतो, आणि मीही थोडा अंग चोरूनच आत शिरलो. पण 'पब्लिक हाउस' याचे हे रूप आहे आणि अर्थही तोच: कोणालाही येऊन बसता येईल असे घर. आत दिवसाही अंधार, लाकडी तक्तपोशी, शेकोटीची जागा, खाली उतरत जाणारी तळघरे. मित्राने स्वतःसाठी बिअर घेतली. मी लिंबाचा अर्क घातलेला सोडा मागितला. कोणी मान वळवून पाहिले नाही. टिळकवाडीतल्या चहाच्या हॉटेलात एक चहा दोघांत घेऊन दोन तास वाद घालणारी मंडळी मला आठवली. गिऱ्हाईक काय पिते यापेक्षा ते किती वेळ बसू शकते यावरच अशा जागा तगतात.

या पबात पूर्वी पॉली नावाचा एक करडा पोपट होता. १९२६ मध्ये तो मेला तेव्हा दूरदूरच्या वर्तमानपत्रांनी त्याची मृत्युवार्ता छापली. छापणारच, कारण वार्ताहर सारे इथेच बसत. दोन-तीनशे वर्षे फ्लीट स्ट्रीट म्हणजे इंग्रजी वृत्तपत्रसृष्टी असे समीकरण होते. १९८६ पासून एकेक वृत्तपत्र दुसरीकडे हलले आणि २००५ मध्ये रॉयटर्सही गेली. छापखाने गेले, पब राहिला.

'१९८६' हा आकडा उच्चारला गेला आणि आम्ही दोघेही गप्प झालो. ते साल आमच्या गावानेही विसरलेले नाही. त्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचे आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे मेली. आमचे भांडण झाले नव्हते. फक्त एकमेकांच्या घरी जाणे थांबले. रस्त्यात भेटलो तर हवापाण्याच्या गोष्टी. त्याच्या आईने माझ्यासाठी काढून ठेवलेला कुंदा त्या वर्षी मला मिळाला नाही, आणि मीही मागायला गेलो नाही. जवळजवळ चाळीस वर्षांत हे आम्ही कधी एकमेकांना बोललो नव्हतो.

"आई विचारत होती त्या वेळी," ग्लासाकडे बघत तो म्हणाला, "तो का येईना झालाय म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"परीक्षा आहे म्हणालो."

मग दोघेही हसलो, कारण त्या वर्षी परीक्षेचा अभ्यास आमच्यापैकी कोणीही केला नव्हता.

त्याच बोळातून मागे गेले की गफ स्क्वेअर लागतो. तिथल्या सतरा नंबरच्या घरात डॉ. सॅम्युअल जॉन्सन १७४८ ते १७५९ राहिला आणि माडीवर बसून त्याने इंग्रजीचा कोश रचला. १७५५ मध्ये तो निघाला. बेचाळीस हजारांवर शब्द, मदतीला सहा लेखनिक. त्यांतले पाच स्कॉटलंडचे होते, म्हणजे इंग्रजीचा हा थोर कोश पाच स्कॉट माणसांच्या हातांनी उतरला गेला. घरासमोर १९९७ मध्ये जॉन्सनच्या लाडक्या मांजराचा पुतळा बसवला आहे. हॉज हे त्याचे नाव. बसले आहे ते कोशावर, पुढ्यात कालवांचे शिंपले. नोकरांना मांजराचा राग येऊ नये म्हणून जॉन्सन स्वतः बाजारात जाऊन त्याच्यासाठी कालवे आणी, असे बॉस्वेल लिहितो.

मी मोल्सवर्थची आठवण काढली. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. मित्र म्हणाला, आमचा किटेल १८९४ चा, मंगळूरला छापलेला. एक इंग्रज लष्करातला, दुसरा जर्मन मिशनरी. आमच्या दोघांच्याही आज्यांचे शब्द परक्यांनी वेचून ठेवले आणि आम्ही ते शब्द कोणाचे यावर भांडलो! जॉन्सनच्या दारात उभे राहून आम्ही मग एक खेळ केला: बेळगावात दोन्ही भाषांत सारखेच चालणारे शब्द मोजू लागलो. अक्का, अण्णा, अप्पा, अडकित्ता... पंधरापर्यंत गेलो तोच आमचे कोडेही सुटले. डबी नदीपलीकडे होती.

लडगेटची चढण चढून आम्ही सेंट पॉल्सपाशी आलो. १६७५ मध्ये काम सुरू झालेले हे रेनचे मंदिर १७१० मध्ये पुरे झाले. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री भोवतालचा परिसर बाँबच्या आगीत जळत असताना याचा घुमट उभा राहिला. त्याच्या बाजूच्या चौकात एक कमान दिसली. मित्र म्हणाला, "ओळखलीस? मघाची वेस." उतरवलेली टेंपल बार पुढे एका बिअरच्या कारखानदाराने विकत घेतली आणि हर्टफर्डशरमधल्या आपल्या वाड्याच्या फाटकाला लावली. शंभरावर वर्षे ती रानात उभी होती. २००४ मध्ये दगड पुन्हा लंडनला आणून ती इथे उभारली. जागा जुनी नव्हे, पण गाव जुने.

मिलेनियम पुलावर पोचेतो उजेड सोनेरी झाला होता. जून २००० मध्ये हा पादचारी पूल उघडला आणि लोकांच्या पावलांनी असा डुलू लागला की दोनच दिवसांत बंद करावा लागला. बाजूला थोडा झोक बसला की माणसे तोल सावरायला नकळत एकाच तालात पावले टाकतात आणि झोक आणखी वाढतो. दणके शोषणारी यंत्रे बसवून २००२ मध्ये तो पुन्हा खुला झाला. पुलाच्या मध्यावर थांबलो. मागे घुमट, पुढे ग्लोब नाट्यगृहाची १९९७ मध्ये उभारलेली नवी प्रतिकृती.

डबीची जागा नदीकाठच्या एका लोखंडी कठड्यात होती. उंच दगडी इमारतींवर आपटून उपग्रहाचे संकेत वाकडेतिकडे येतात, म्हणून शहरात शेवटची दहा-पंधरा पावले हातानेच चाचपावी लागतात. मी खाली वाकलो तसा मित्राने मला दंडाला धरून उठवले. "जरा थांब. लोक जाऊ देत." न खेळणाऱ्यांच्या नकळत डबी काढायची हा खेळाचा संकेत आहे, पण त्याच्या आवाजात खेळ नव्हता. २०११ मध्ये यॉर्कशरमधल्या वेदरबी गावात असाच एक डबा कोणाला संशयास्पद वाटला, रस्ता बंद झाला आणि बाँबशोधक पथकाने डबा उडवून दिला. "आपण दोघं काळेसावळे," तो म्हणाला, "रात्रीच्या वेळी कठड्याखाली हात घालताना दिसलो तर आधी खुलासा आपल्यालाच करावा लागणार." पंचवीस वर्षे या गावात कर भरणाऱ्या माणसाचे ते वाक्य मला बोचले. आम्ही नदी बघत उभे राहिलो. एक जोडपे गेले, एक कुत्रेवाला गेला. मग त्याने बोट फिरवले आणि बोटाच्या पेराएवढी एक डबी, चुंबकाने लोखंडाला चिकटलेली, त्याच्या हातात आली.

आत कागदाची एक घट्ट गुंडाळी होती. रुंदी करंगळीच्या नखाएवढी. उलगडत गेलो तसतशी नावे येत गेली. रोमन, एक बहुधा रशियन, दोन चिनी की जपानी चित्राक्षरे. तळाशी दोन ओळींची जागा उरली होती. त्याने कन्नडमध्ये आपले नाव लिहिले, गोल, घट्ट अक्षरांत. पेन मला देताना म्हणाला, "तुमच्या काना-मात्रांना जागा लागते. मी लहान लिहिलंय." मी खाली मराठीत लिहिले. दोघांनी मिळून तारीख घातली आणि गावाचे नाव मात्र घातले नाही. ते कोणत्या स्पेलिंगने लिहायचे हा प्रश्न तिथे नको होता. गुंडाळी करून डबी आम्ही होती त्या गजाला, होती त्या बाजूने चिकटवली. कागद संपला आहे, हे लपवणाऱ्याला कळवायचे काम त्याने पत्करले.

शेवटचा मुक्काम साउथवर्कमधले 'जॉर्ज इन'. १६७६ च्या आगीनंतर, १६७७ मध्ये बांधलेली ही घोडागाड्यांची धर्मशाळा. लाकडी सज्ज्यांची अशी लंडनमध्ये ही एकच उरली आहे. पूर्वी तीन बाजूंनी सज्जे होते. दोन बाजू रेल्वे कंपनीने १८८९ मध्ये पाडल्या. राहिलेली बाजू १९३७ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे, आणि तिथे आजही लोक जेवतात, पितात, भांडतात. शेजारच्याच आवारात चॉसरचे यात्रेकरू जिथून निघाले ते 'टॅबर्ड' होते. ते १८७३ मध्ये पाडले. आता तिथे भिंतीवर फक्त एक पाटी आहे.

अंगणातल्या बाकावर बसल्यावर मित्राने जे सांगितले त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात बीचिराजाने ती बांधली. त्या मंदिराच्या दानाविषयीचे १२०४ सालचे दोन कन्नड शिलालेख आहेत. आपल्या गावाचे 'वेणुग्राम' हे जुने नाव त्यांत आहे. ते दगड आज बेळगावात नाहीत. ते ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत, म्हणजे आम्ही जिथून चालायला सुरुवात केली तिथून मैलभरही नाही.

"नेताना कोणी वहीत नाव लिहिलं नसेल," तो म्हणाला, "आणि बदल्यात काही ठेवलंही नसेल."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. दगड इथेच राहिला असता तर कोणाच्या पायरीला लागला असता, असे म्हणणारे भेटतील. आणि आपल्या गल्ल्यांतून फिरलेल्या कोणालाही ते अशक्य वाटणार नाही. पण संभाळले म्हणून वस्तू संभाळणाऱ्याची होत नाही. एका वेशीचे दगड सव्वाशे वर्षांनी गावात परत आणता येतात हे त्या संध्याकाळी मी डोळ्यांनी पाहिले. करंगळीच्या नखाएवढ्या कागदासाठी जो नियम अनोळखी लोक बिनबोभाट पाळतात, तो दगडांना लागू होऊ नये याचे कारण मला सापडलेले नाही.

दगड परत आणणे कॉलेजच्या हातचे नाही. पण एक संध्याकाळ आपल्या हातची आहे. कमल बस्ती, सफा मशीद, कपिलेश्वर, किर्लोस्कर रोड, खडे बाजारातली जुनी चहाची हॉटेले, असा चार किलोमीटरांचा रस्ता इथेही आखता येईल. वाटेवरच्या पाट्या आणि शिलालेख वाचून उतरवून घ्यायचे. मराठी विभागाच्या मुलांनी कन्नड वाचणाऱ्याला सोबत घ्यावे, कन्नड विभागाच्या मुलांनी मोडी आणि मराठी वाचणाऱ्याला. एकट्याला ते जमणार नाही. पुढच्या वर्षीच्या अंकात ही यादी दोन्ही विभागांत छापावी. वेणुग्रामच्या दोन दगडांचा उल्लेख तीत पहिला असावा, आणि त्यांच्या पुढे 'जागेवर नाही' एवढी नोंद असावी.